पै-पायचा हिशेब

जगात दोन प्रकारचे आकडे असतात. रोज बदलणारे आणि कधीच न बदलणारे. सोन्याचा भाव, मुदत ठेवीचा दर, कांद्याचा किलोचा भाव हे सगळे पहिल्या जातीचे. दुसऱ्या जातीत वास्तविक लग्नाच्या जाहिरातीतलं वराचं वय घालायला हरकत नव्हती. पण गणितवाले लोक ते मान्य करत नाहीत. त्यांच्या न बदलणाऱ्या आकड्यांना ते स्थिरांक म्हणतात, आणि त्या घराण्यातला कर्ता पुरुष म्हणजे पाय.

पाय म्हणजे काय, हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. वर्तुळ बांगडीचं असो, विहिरीचं असो नाहीतर सर्कशीच्या रिंगणाचं. परिघाला व्यासाने भागलं की उत्तर तेच येतं. तीन आणि वर थोडं. हे 'वर थोडं' म्हणजे नेमकं किती, एवढाच काय तो प्रश्न. शाळेत तो 'बावीस सप्तमांश धरा' असं म्हणून मिटवला जायचा. 'धरा' हा शब्द मोठा सोयीचा आहे. बँकेत कुणी असा काही आकडा 'धरून' चालला, तर ऑडिटर आधी त्याला धरतो! शिवाय बावीसला सातने भागून पाहा. तिसऱ्या दशांश स्थळालाच पाय घसरतो.

मला आपलं वाटायचं, यात अवघड काय आहे? एकदा उत्तर सापडलं की ते एका जाड वहीत लिहावं, खाली सही-शिक्का मारावा, आणि पुढे ज्याला लागेल त्याने तिथून घ्यावं. पाच मिनिटांचं काम. हे पाच मिनिटांचं काम पुरं व्हायला शहाण्या माणसांना किती वर्षं लागली, त्याची ही हकिकत.

पायचा पहिला प्रामाणिक हिशेबनीस मी आपल्या आर्यभटाला मानतो. इ. स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीय'मध्ये त्याने सांगून टाकलं की, वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२. म्हणजे पाय झाला ३.१४१६. पण मला त्या आकड्यापेक्षा त्याच्या शेजारी बसलेला एक शब्द जास्त आवडतो. 'आसन्न'. म्हणजे जवळपासचा. उत्तर दिलं, आणि ते अगदी काटेकोर नाही, हेही त्याच ओळीत सांगितलं. असा माणूस बँकेत असता तर ऑडिटर उपाशी मेले असते.

पुढे चौदाव्या शतकात केरळात माधव नावाचा गणिती झाला. त्याची मालिका लहान मुलाला समजेल अशी आहे. एकातून एक तृतीयांश वजा करा, एक पंचमांश मिळवा, एक सप्तमांश वजा करा, एक नवमांश मिळवा. असंच अखेरपर्यंत करत राहिलात की पायचा चौथा हिस्सा हातात येतो. अडचण एवढीच की 'अखेर' येत नाही. हजार पदं घेतली तरी पायमध्ये हजारांशाची चूक शिल्लक राहतेच. माधवाने त्यावरही उपाय शोधले आणि अकरा दशांश स्थळं गाठली. त्याची ही मालिका लक्षात ठेवा. पुढे ती परदेशात वेषांतर करून भेटणार आहे.

युरोपात लुडॉल्फ व्हान क्यूलेन या गृहस्थाने आयुष्याची कितीतरी वर्षं घालून पस्तीस दशांश स्थळं काढली. १६१० मध्ये ते वारले, आणि लायडन गावच्या चर्चमध्ये त्यांच्या समाधीच्या शिळेवर तो आकडा कोरण्यात आला. म्हणजे माझी ती जाड वहीची कल्पना त्या लोकांनी दगडात उतरवली म्हणायची! एक जागा, एक आकडा, कायमचा. आणि पुढे काय झालं असेल? ती शिळाच हरवली. २००० मध्ये नवी बसवली. दप्तर जपून ठेवण्याचा प्रश्न आमच्याच शाखेत आहे असं नव्हे.

पायला 'पाय' हे नाव, म्हणजे ते ग्रीक अक्षर, विल्यम जोन्सने १७०६ मध्ये दिलं. याच घराण्यातला दुसरा मानकरी म्हणजे 'ई'. आणि हा तर आमचाच माणूस! त्याचा जन्म चक्रवाढ व्याजाच्या पोटी झाला. १६८३ मध्ये याकोब बर्नुलीने प्रश्न घातला, की शेकडा शंभर दराने एक रुपया वर्षभर ठेवला (त्याचा रुपया अर्थातच रुपया नव्हता) तर वर्षअखेर दोन रुपये होतात. सहामाही व्याज धरलं तर सव्वादोन. दर महिन्याला धरलं तर २.६१. रोजच्या रोज धरलं तर २.७१. मग क्षणाक्षणाला व्याज दिलं तर खातेदार कुबेर होईल काय? नाही होत. २.७१८२८ च्या आसपास गाडी थांबते, ती पुढे सरकतच नाही. एखादा दिवस लवकर पैसे भरले तर व्याजात किती फरक पडेल, हे काउंटरच्या जाळीला नाक लावून विचारणाऱ्या आजोबांना मी ही गोष्ट सांगून पाहिली. ते म्हणाले, "बर्नुली कुठल्या ब्रँचला असतात?"

असो. आता या हकिकतीतला माझा सगळ्यांत आवडता माणूस येतो. विल्यम शँक्स. उत्तर इंग्लंडात एक शाळा चालवायचा आणि उरलेल्या वेळात पायची दशांश स्थळं काढायचा. हाताने. कागदावर. १८५३ मध्ये त्याने ६०७ स्थळं छापली, आणि पुढे १८७३ मध्ये ७०७. ही मजल पुढची सत्तर वर्षं कुणाला ओलांडता आली नाही. १८८२ मध्ये शँक्स समाधानाने गेला.

आणि ५२८ व्या स्थळाला त्याची चूक होती.

चूक एकच. पण लेजर लिहिणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. एका पानावरची बेरीज चुकली की ती 'पुढील पानावर' जाते, तिथून त्याच्या पुढच्या पानावर जाते, आणि शेवटी सगळा ताळेबंद तिच्या अंगाखांद्यावर वाढतो. शँक्सचंही तसंच झालं. ५२८ पासूनचे सगळे आकडे वाया. ही गोष्ट उघडकीस आली १९४४ मध्ये, डी. एफ. फर्ग्युसन नावाच्या माणसाने निराळ्या सूत्राने पुन्हा हिशेब मांडला तेव्हा. (पुण्याच्या कॉलेजशी त्याचा काही संबंध नाही.) म्हणजे एक्क्याण्णव वर्षं ती चूक सुखाने नांदत होती. दरम्यान पॅरिसमध्ये १९३७ साली एका विज्ञान संग्रहालयात पायची खास गोल खोली सजवण्यात आली आणि तिच्यात शँक्सचे ७०७ आकडे मोठ्या दिमाखात लावले गेले. चुकीसकट. १९४९ मध्ये ते दुरुस्त करावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एनिॲक या संगणकाने सत्तर तासांत २,०३७ स्थळं काढून दिली.

माझ्या मनाला लागते ती चूक नव्हे. चूक कुणाचीही होते. एक्क्याण्णव वर्षांत त्या पानाखाली दुसरी सही झाली नाही, हे लागतं. बँकेत पाच हजारांच्या व्हाउचरवर दोन सह्या लागतात. आणि इथे सगळ्या जगाने एका माणसाच्या एका सहीवर ७०७ आकडे खरे मानले.

सह्यांवरून आठवलं. पुष्कळ सह्या घेऊनही भागत नाही. १८९७ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यात गुडविन नावाच्या एका डॉक्टरांच्या आग्रहावरून पायसंबंधी चक्क एक विधेयक आलं. त्यात पायची किंमत ३.२ निघत होती. डॉक्टरांची उदारता अशी, की इंडियानातल्या शाळांना हा शोध फुकट; बाकीच्यांनी पैसे मोजावेत. विधेयक आधी कालव्यांच्या समितीकडे गेलं. तिला दलदलीच्या जमिनींची समितीही म्हणत, आणि विषय पाहता ते योग्यच होतं. मग कनिष्ठ सभागृहात ६७ विरुद्ध ० मतांनी मंजूर झालं. वरच्या सभागृहात ते दारूबंदीच्या समितीकडे गेलं, आणि तिनेही शिफारस केली! सुदैवाने वाल्डो नावाचे गणिताचे एक प्राध्यापक दुसऱ्याच कामासाठी तिथे आले होते. त्यांनी चार सदस्यांना बाजूला घेऊन समजावलं आणि विधेयक बेमुदत बासनात गेलं. पाय वाचला तो असा, योगायोगाने.

आता संगणक आला, म्हणजे सगळे प्रश्न सुटले असं तुम्हांला वाटेल. मलाही वाटलं होतं.

१९५७ मध्ये आयबीएमने फोर्ट्रान ही भाषा बाजारात आणली. खास गणितासाठी. तिच्यात वर्गमूळ होतं, साइन होता, कोसाइन होता. पाय नव्हता! म्हणजे सगळा बँडबाजा हजर आणि नवरदेव घरी. मग लोक काय करायचे? ज्याला पाय लागेल तो आपापल्या प्रोग्रॅममध्ये हाताने लिहायचा. कुणी ३.१४, कुणी ३.१४१६, कुणी ३.१४१५९२७. एकाच कचेरीत चार टेबलांवर चार पाय. झेरॉक्सच्या संगणकांच्या फोर्ट्रान पुस्तिकेतला म्हणून एक सल्ला सांगतात तो असा, की पायला नाव देऊन ठेवावं, म्हणजे पुढेमागे त्याची किंमत बदललीच तर प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करणं सोपं जाईल. लिहिणारा बहुधा इंडियानाचा असावा.

शहाणे लोक निराळी युक्ती करायचे. ते पाय लिहीतच नसत. ते यंत्राला सांगत, 'ज्या कोनाचा टॅन्जंट एक आहे तो कोन काढ आणि त्याला चारने गुण.' उत्तर पाय. फायदा असा, की त्या काळी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची आकडा साठवण्याची ताकद वेगवेगळी होती. या युक्तीने ज्याच्या पोटात जितकी स्थळं मावतील तितकी तो आपल्या आपण काढून द्यायचा. आणि तो कोन म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, माधवाचं तेच 'एक वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश'. यंत्र आत बेरीज त्या पद्धतीने करत नाही, हे खरं. पण किंमत तीच. सहाशे वर्षांनी केरळचा माणूस वेषांतर करून अमेरिकेत नोकरीला लागला होता.

१९७० मध्ये इंग्लंडातल्या काही विद्यापीठांनी मिळून गणिती कामांचे तयार प्रोग्रॅम एका जागी जमवायला सुरुवात केली. अशा संग्रहाला संगणकवाले लायब्ररी म्हणतात. तिथे शांतता राखावी लागत नाही. या संग्रहाचं नाव 'नॅग'. इंग्रजीत याचा अर्थ सारखी भुणभुण लावणे असाही होतो, पण काम फार मोलाचं. त्यांच्या लायब्ररीत स्थिरांकांचं स्वतंत्र प्रकरण होतं, आणि पायचा खाते क्रमांक होता 'एक्स-०१-ए-ए-एफ'. तिथे हाक मारली की त्या यंत्रापुरता बिनचूक पाय मिळायचा. पण एक गंमत होती. त्या काळच्या फोर्ट्रानचा नियम असा, की कुठल्याही फलनाला हाक मारताना कंसात काहीतरी दिलंच पाहिजे. म्हणून पाय मागताना एक आकडा द्यावा लागायचा. कुठलाही. तो आकडा आतमध्ये कुणी वाचत नसे. पण दिल्याशिवाय काम होत नसे. हे वाचल्यावर मला त्या लायब्ररीबद्दल एकदम घरोबा वाटू लागला. आमच्या अर्जावरही अशा चार-पाच चौकटी आहेत.

माझा भाचा पुण्याला संगणकाच्या धंद्यात आहे. त्याला म्हटलं, "ते जुने दिवस गेले म्हणा. आता तुमच्या भाषांत पाय आयता मिळत असेल."

तो म्हणाला, "मामा, तुला सांगितलं तर तू लेख लिहिशील."

त्याने सांगितलं ते असं. 'सी' या भाषेचं अधिकृत प्रमाण १९८९ मध्ये ठरलं. त्यात पाय नाही. युनिक्सच्या यंत्रांवर कुणीतरी भलेपणाने पाय, ई, दोनचं वर्गमूळ वगैरे तेरा स्थिरांक घालून ठेवले होते. पण ते प्रमाणात नाहीत, म्हणजे रेशनकार्डावर नाव नसलेल्या पाहुण्यासारखे. मायक्रोसॉफ्टच्या साधनांत ते हवे असतील तर आधी एक ठरावीक शब्द लिहून तशी मागणी नोंदवावी लागते. तिची धाकटी बहीण 'सी प्लस प्लस' १९८५ मध्ये आली. तिचं प्रमाण १९९८ मध्ये ठरलं. आणि तिच्यात अधिकृत पाय आला २०२० मध्ये.

"म्हणजे पस्तीस वर्षं बिनपायाची भाषा धावत होती?" मी विचारलं.

"धावत होती नाही, उडत होती. विमानं तिच्यावर चालतात."

"आणि तोपर्यंत पाय कोण लिहायचं?"

"ज्याला लागेल तो."

"आणि तपासायचं कोण?"

"मामा, चहा घेतोस का?"

नव्या यादीतही स्थिरांक तेराच. बँकेने पुढे काय पाहिजे ते ठरवायला समिती नेमावी आणि समितीने जुनीच संख्या कायम ठेवावी, तसं. फक्त आतली काही नावं बदलली.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण एक हकिकत अशी आहे, की ती नेता येत नाही.

१९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने सौदी अरेबियात धहरान इथे पेट्रियट क्षेपणास्त्रं ठेवली होती. शत्रूचं क्षेपणास्त्र दिसलं की ते हवेतच उडवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या संगणकातलं घड्याळ सेकंदाचे दहावे हिस्से मोजायचं, आणि सेकंद काढायला त्या संख्येला एक दशांशाने गुणलं जायचं. एक दशांश! याहून साधा न बदलणारा आकडा कुठला? पण गोम अशी, की आपल्या पद्धतीत जसा एक तृतीयांश लिहिता लिहिता संपत नाही, तसा संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत एक दशांश संपत नाही. जागा चोवीस घरांची. पुढचं कापून टाकलं. दर ठोक्याला चूक पडे ती सेकंदाच्या एक कोटीव्या हिश्शाहूनही कमी. पण यंत्र शंभर तास सलग चालू राहिलं. चूक झाली सेकंदाचा तिसरा हिस्सा. तेवढ्या वेळात येणारं स्कड क्षेपणास्त्र पाचशे मीटरांहून जास्त पुढे गेलेलं असतं. २५ फेब्रुवारीला ते बराकीवर पडलं आणि अठ्ठावीस सैनिक मेले. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी पोचला.

रॉबर्ट स्कील यांनी १९९२ मध्ये यातली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. वेळेचा हिशेब जास्त काटेकोर करणारा तुकडा प्रोग्रॅममध्ये आधीच आला होता. पण तो ज्या ज्या जागी घालायला हवा होता, त्या सगळ्या जागी घातला गेला नव्हता. काही ठिकाणी नवा हिशेब, काही ठिकाणी जुना. सगळीकडे जुनाच असता तर दोन वेळांची वजाबाकी करताना चुका बऱ्याचशा एकमेकींना खाऊन गेल्या असत्या. एकाच आकड्याच्या दोन नोंदी दोन वह्यांत, आणि दुरुस्ती एकीतच. हिशेबाच्या भाषेत याला काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे. पण आमच्याकडे त्याने फार तर रात्री नऊपर्यंत बसावं लागतं.

तेव्हापासून, कुणी म्हणालं की 'पायसारखा फालतू आकडा लायब्ररीत घालायला समित्या कशाला बसवायच्या', तर मी गप्प राहतो. आकडा फालतू असला तरी तो एकाच जागी असणं फालतू नाही.

समित्यांची भांडणं मात्र थांबलेली नाहीत. काही विद्वानांचं म्हणणं, की मुळात पाय हाच चुकीचा निवडला. खरा हक्क पायच्या दुपटीचा, म्हणजे ६.२८ चा. त्याला त्यांनी 'टाऊ' असं नाव दिलं. 'पायथॉन' भाषेत, जिच्या नावातच पाय आहे, टाऊ घालावा असा अर्ज २८ जून २०११ या तारखेने दाखल झाला. तारीख मुद्दाम निवडलेली; अमेरिकन पद्धतीने लिहिली की ६-२८ होते. अर्ज पाच वर्षं पडून राहिला आणि २०१६ मध्ये मंजूर झाला. पाच वर्षं म्हणजे वेळेतच.

आणि या सगळ्या लायब्ऱ्यांत बसवलेला पाय केवढा? बहुतेक ठिकाणी पंधरा दशांश स्थळांचा. ३.१४१५९२६५३५८९७९३. झालं. चोवीस अब्ज किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर परिघात सेंटिमीटरभर चूक येईल, एवढा तो पुरतो. शँक्सने जन्म घालून काढलेल्या पाचशे सत्तावीस बरोबर आकड्यांतले पाचशे बारा कुणाच्या उपयोगी पडत नाहीत. आहेत मात्र ते बरोबर, आणि त्यांच्याखाली आता दुसरी सहीही झाली आहे.

'जावा' या भाषेत पाय आणि ई १९९६ मध्ये पहिल्या दिवसापासून होते. तिथे पायपुढे त्याची ओळख लिहिलेली आहे. तिचा अर्थ असा, की हा पाय नव्हे. या यंत्रात मावणाऱ्या आकड्यांपैकी पायच्या सगळ्यांत जवळचा जो, तो हा. भाच्याने मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, "बघ, किती काळजीपूर्वक लिहिलंय."

मी म्हटलं, "आसन्न."

"काय म्हणालास?"

दीड हजार वर्षांपूर्वीची नोंद होती. त्याला म्हटलं, जुन्या लेजरमध्ये सापडेल.